ठिपक्यात ठिपका असलेला वाघ



मागल्या महिन्यात आमच्या भागातल्या एका गावी पशुपालकांचा मेळावा होता. बिबट्याचा वावर वाढला आहे म्हणून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक फलक लावला होता. रात्री एकटे फिरू नका, गोठ्याला दार बसवा, लहान मुलांना अंगणात निजवू नका, असा सगळा मजकूर अगदी बरोबर होता. वर बिबट्याचे मोठे रंगीत चित्र होते. माणसे जमायला वेळ होता. एक म्हातारे धनगर बाबा काठीवर हनुवटी टेकून त्या चित्राकडे बराच वेळ बघत होते. शेवटी मला म्हणाले, “सायेब, ह्यो आपला न्हाई. ह्याच्या ठिपक्यात ठिपका हाय. आन् मान बगा की, बैलावानी.”

मी चष्मा लावून पाहिले. सकाळपासून चार वेळा त्या फलकापुढून गेलो होतो, पण माझ्या ध्यानात आले नव्हते. फलक कोणी छापला ते सोडून द्या. चित्र बिबट्याचे नव्हते, जॅग्वारचे होते. बाबांना चहा घेता घेता मी त्या प्राण्याची थोडी हकिकत सांगितली. आज तीच जरा सविस्तर आपल्यापुढे ठेवतो. आपल्या शिवारापासून इतक्या दूरच्या जनावराशी आपल्याला काय करायचे, असे वाटेल. पण या गोष्टीत आपली गाय येते, म्हैसही येते. तेव्हा थोडा धीर धरावा.

जॅग्वार अमेरिका खंडातला. उत्तरेला मेक्सिकोपासून दक्षिणेला अर्जेंटिनाच्या उत्तर टोकापर्यंत तो आढळतो. मांजराच्या कुळात वाघ आणि सिंह यांच्या खालोखाल त्याचाच नंबर. आपला बिबट्या सडपातळ, लांब शेपटीचा. जॅग्वार अंगाने गोळीबंद, पाय आखूड, डोके मोठे, शेपूट तोकडी. पाणथळ मुलखातला दांडगा नर शंभर किलोच्या पुढे भरतो, गर्द जंगलातला त्याहून हलका असतो. दोघांच्याही अंगावर काळी कडी असतात, पण जॅग्वारच्या कड्यांच्या आत एक-दोन बारीक ठिपके असतात आणि बिबट्याची कडी आतून मोकळी असतात. बाबांनी नेमके तेच हेरले होते.

शिकारीची तऱ्हाही निराळी. बिबट्या जनावराचा गळा धरून ठेवतो आणि गुदमरवून मारतो. जॅग्वार पुष्कळदा थेट डोक्यालाच चावतो आणि दोन कानांच्या मधून सुळे कवटीत उतरवतो. अंगमानाने पाहिले तर मोठ्या मांजरांत सर्वांत जबर जबडा त्याचा. कासवाची पाठ तो फोडतो. केमन नावाची तिकडची मगर असते, तिला पाण्यात शिरून मानगुटीला धरतो आणि काठावर ओढून आणतो. पाण्याचे त्याला भय नाही, भल्या रुंद नद्या तो पोहून जातो. ब्राझीलमध्ये पोर्तुगीज भाषा चालते, तिथे त्याला ‘ओंसा पिंतादा’ म्हणतात. स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतली खेड्यातली माणसे मात्र त्याला सरळ ‘तिग्रे’, म्हणजे वाघ, म्हणतात. आपल्याकडेही बिबट्याला वाघ म्हणायची रीत आहेच की.

काळा जॅग्वारही असतो. पैदाशीची आवड असणाऱ्यांसाठी एक गंमत सांगतो. जॅग्वारमध्ये काळा रंग प्रभावी असतो, म्हणून काळ्या पिल्लाच्या आईबापांपैकी एक तरी काळा असतोच. बिबट्यात तो रंग दबलेला असतो, त्यामुळे दोन्ही आईबाप ठिपकेदार असूनही पोटी काळे पिल्लू निघू शकते. आपल्या सह्याद्रीत अधूनमधून काळा बिबट्या दिसतो तो असा.

आता त्याचे घर पाहू. दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यात जे जंगल आहे त्याचा पसारा सुमारे ५५ लाख चौरस किलोमीटर. आपला सारा भारत दीडपट करून पसरला तरी ते पुरते झाकले जाणार नाही. त्यातला निम्म्याहून जास्त भाग ब्राझीलमध्ये, बाकीचा पेरू, कोलंबिया, बोलिव्हिया वगैरे देशांत. पाऊस पुष्कळ ठिकाणी वर्षाला २,००० मिलिमीटरच्या पुढे. हा आकडा ऐकून कोकणातले वाचक हसतील, कारण त्यांच्याकडे याहून जास्त पडतो. पण कोकणात तो चार महिन्यांत कोसळून समुद्राला मिळतो आणि तिकडे वर्षभर वाटून पडतो. शिवाय झाडांनी पानांवाटे सोडलेली वाफ वर जाऊन तिचाच पुन्हा पाऊस होतो. जंगल आपला पाऊस काही अंशी आपणच करते म्हणाना.

माती हा माझा विषय, म्हणून इथे दोन शब्द जास्त. एवढी प्रचंड झाडी पाहून कोणालाही वाटेल की जमीन सोन्यासारखी असणार. तसे नाही. बहुतेक ठिकाणची माती धुपून धुपून निकस झालेली, आम्लधर्मी आणि स्फुरदाला गरीब. कस आहे तो झाडांत आणि खाली पडलेल्या पालापाचोळ्यात. पान पडते, कुजते आणि मुळे ते अन्न वरच्या वर उचलून घेतात. जंगल तोडून जाळले की राखेवर दोन-तीन वर्षे पीक येते, मग उतरती कळा लागते. आपल्या डोंगराळ भागात पूर्वी कुमरीची शेती होत असे, त्यातला अनुभव ज्या घरांत असेल त्यांना हे वेगळे सांगायला नको.

या खोऱ्यात असेही जंगल आहे की नदी फुगली म्हणजे सगळी जमीनच पाण्याखाली जाते. ब्राझीलमध्ये मामिराउआ नावाचा राखीव प्रदेश आहे. तिथे पाणी दहा मीटर आणि त्याहूनही जास्त चढते. आपली विहीर भरावी तसे अख्खे जंगल भरते आणि तीन-चार महिने भरलेलेच राहते. अशा वेळी एवढे जड जनावर जात असेल कुठे, असा प्रश्न तिथल्या शास्त्रज्ञांना पडला. जॅग्वारच्या गळ्यात संदेश देणारे पट्टे बांधून त्यांनी माग काढला, तेव्हा तो कुठेच जात नाही असे आढळले. पाणी उतरेपर्यंत तो झाडावरच राहतो. फांदीवर झोपतो, फांदीवरच शिकार खातो आणि एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे पोहत जातो. झाडाला उलटा लटकणारा स्लॉथ नावाचा मंद प्राणी, माकडे आणि केमन यांवर त्याची गुजराण चालते. मादी तर पिल्ले घेऊन तशीच वर राहते. पुरात घरच्या छपरावर बसून दिवस काढलेली माणसे आपल्यातही आहेत. तिथे दर साल हेच.

एरवीचे त्याचे जिणे एकट्याचे. नराचे रान मोठे असते आणि त्यात दोन-तीन माद्यांची राने येतात. शंभर दिवसांच्या आसपास गाभण राहून मादी बहुधा दोन पिल्ले देते. डोळे मिटलेली ती पिल्ले दीड-दोन वर्षे आईच्या मागे राहून शिकार शिकतात. खाण्यात निवड फार नाही. रानडुकरासारखे कळपाने फिरणारे पेकारी, हरणे, मासे, कासवे, आणि कॅपिबारा. हा कॅपिबारा म्हणजे पन्नास किलोचा उंदीरच समजा, पाण्याकाठी राहणारा. नदीकाठी हे सारे मुबलक असले म्हणजे जॅग्वार माणसाच्या वाटेला जात नाही. पुढच्या हकिकतीसाठी एवढे ध्यानात ठेवा.

पूर्वी त्याचा काळ म्हणजे त्याचे कातडे. परदेशी बायकांच्या कोटांसाठी १९६० च्या दशकात एकट्या ब्राझीलच्या ॲमेझॉनमधून वर्षाला सुमारे १५,००० कातडी जात. १९६७ साली ब्राझीलने रानटी जनावरांच्या शिकारीवर कायद्याने बंदी घातली, १९७३ साली वन्य जिवांच्या व्यापाराबाबत अनेक देशांचा करार झाला आणि तो उघड व्यापार बसला. जनावर सुटले असे लोकांना वाटले. पण तोपर्यंत त्याच्या घरालाच आग लागली होती.

ती आग लागली गवतासाठी. १९७० नंतर ब्राझीलच्या सरकारने ॲमेझॉनमधून लांब-लांब रस्ते काढले, बाहेरची माणसे आणून वसवली आणि गुरांच्या कुरणांना सवलती दिल्या. जंगल साफ केले म्हणजे जमीन वहिवाटली असे धरले जाई, आणि मालकी सांगायला तोच पुरावा होई. मग कोण थांबणार? झाडे तोडायची, जाळायची आणि राखेत गवताचे बी टाकून गुरे सोडायची. २००४ या एका वर्षात ब्राझीलच्या ॲमेझॉनमधले सुमारे २७,८०० चौरस किलोमीटर जंगल गेले, म्हणजे जवळजवळ पावणेदोन पुणे जिल्हे. पुढे उपग्रहावरून नजर ठेवून, दंड करून, कर्जे रोखून २०१२ पर्यंत हा आकडा साडेचार हजारांच्या आसपास आणला गेला. ढिलाई झाली तसा २०२१ मध्ये तो पुन्हा १३ हजारांवर गेला. तोडलेल्या जमिनीपैकी बहुतेक जमिनीवर आज गुरांचे कुरण आहे.

आणि त्या कुरणात चरणारी गाय कोणती? पांढरी, वशिंडाची, लोंबत्या पोळीची, उन्हाला आणि गोचिडाला न डगमगणारी. तिला तिथे नेलोर म्हणतात. आंध्रातल्या नेल्लोर मुलखावरून हे नाव पडले. मुळात ही आपली ओंगोल. एकोणिसाव्या शतकापासून जहाजांतून थोडी-थोडी गुरे तिकडे गेली आणि १९६० नंतरच्या दोन-तीन वर्षांत निवडक वळू व गाई नेल्या, त्यांनी तिथली पैदास घडवली. आपले गीरही असेच तिकडे गेले. ब्राझीलमध्ये आज २० कोटींहून जास्त गुरे आहेत आणि मांसासाठी पाळलेल्यांत बहुसंख्य नेलोर किंवा तिच्या रक्ताची आहेत. युरोपातली गाय त्या उष्ण दमट हवेत टिकली नसती. आपल्या गाईच्या काटकपणावर तिथल्या जंगलात कुरणे उभी राहिली, हे वाचले तेव्हा मला अभिमान वाटावा की वाईट वाटावे ते कळेना.

जंगलाच्या कडेला कुरण आले म्हणजे पुढचे काय ते आपण जाणता. कॅपिबारा आणि पेकारी माणसांनी खाऊन संपवलेले, आणि समोर लठ्ठ वासरे, राखणीविना. जॅग्वार वासरू नेतो आणि मालक बंदूक काढतो. मध्य अमेरिकेतल्या बेलिझ देशात ॲलन रॅबिनोविट्झ या संशोधकाने १९८० च्या दशकात, गुरे मारतो म्हणून ठार केलेल्या जॅग्वारांच्या कवट्या तपासल्या. बहुतेक कवट्यांवर छऱ्यांच्या जुन्या जखमा होत्या. कधीतरी कोणी नुसतेच छरे मारले, जनावर मेले नाही, अधू झाले. रानातली चपळ शिकार त्याला जमेना, मग ते वासरांवर आले. बंदुकीनेच गुरे मारणारा वाघ तयार केला होता.

ॲमेझॉनच्या दक्षिणेला ब्राझीलमध्येच पंतनाल नावाचा अफाट पाणथळ मुलूख आहे. ते दाट जंगल नव्हे, पाणी, गवत आणि झाडीचे पट्टे असे मिश्रण आहे. सर्वांत दांडगे जॅग्वार तिथले. आपल्या कान्ह्याच्या जंगलात वाघाचा अभ्यास केलेले जॉर्ज शॅलर यांनी १९७० नंतरच्या काळात तिथेही काम केले. हा मुलूख जवळजवळ सगळा खासगी मालकीचा आणि त्यावर दोन-अडीचशे वर्षांपासून गुरे. म्हणजे जॅग्वार जगायचा तर गुरेवाल्याच्या रानातच जगायचा, दुसरी जागा नाही.

तिथे आणि व्हेनेझुएला, कोलंबियाच्या गवताळ भागात पशुवैद्य आणि संशोधक गुरेवाल्यांबरोबर बसले. त्यांनी पहिला हिशोब मांडला तो मेलेल्या वासरांचा. असे दिसले की वासरे जातात ती रोगराईने, नाळ पिकल्याने, गाई गाभडल्याने, पुराने आणि चारा नसल्याने, जॅग्वारने नेलेली त्या मानाने थोडी. पण हजारो एकरांच्या रानात वासरू दिसेनासे झाले की नाव वाघाचेच. मेलेले जनावर तो खाताना दिसला तरी मारलेही त्यानेच, असे धरले जाई. पंचनामे करणारा मी माणूस, मला हे वाचून काही नवल वाटले नाही.

म्हणून उपाय सुरू झाले ते गोठ्यापासून. लसी वेळेवर टोचणे. वळू ठराविक महिन्यांतच सोडणे, म्हणजे गाई वर्षभर केव्हाही न विता एकदमच वितात आणि तेवढ्या महिन्यांत राखण करता येते. विणाऱ्या गाई जंगलकडेच्या रानातून काढून घराजवळच्या कुरणात आणणे आणि त्याला विजेच्या झटक्याचे कुंपण घालणे. पाण्यासाठी गुरांना झाडीतल्या ओढ्यावर जावे लागू नये म्हणून मोकळ्यावर हौद बांधणे. मेलेले जनावर उघड्यावर न टाकता पुरणे. आणि रानातल्या हरणा-पेकारींची शिकार बंद करणे, कारण जॅग्वारचे ताट रानात भरलेले असले तर तो कुरणाकडे कमी येतो.

यात सर्वांत मोलाचा ठरलेला एक गडी म्हणजे म्हैस. मुऱ्हा, जाफराबादी या आपल्या म्हशी, काही इथून तर काही इतर देशांमार्गे, दक्षिण अमेरिकेत पोचल्या. ॲमेझॉनच्या मुखाशी माराजो नावाचे बेट आहे, तिथे तर पोलीस म्हशीवर बसून गस्त घालतात. जिथे गाई आणि म्हशी दोन्ही आहेत तिथे जॅग्वार म्हशींच्या वासरांना फारसा शिवत नाही असे दिसून आले. वास आला की म्हशी पांगत नाहीत. वासरे मध्ये घेऊन शिंगे बाहेर करून उभ्या राहतात, आणि एखादी पुढे होऊन धावूनही जाते. गाईच्या खिल्लारात काही म्हशी मिसळून सोडल्या तर त्या आडोशाला गाईंची वासरेही वाचतात. कोलंबियात सान मार्तिनेरो नावाची जुनी शिंगाळ देशी जात आहे. तिचे वळू आणि गाई कळपात ठेवूनही असाच उपयोग करून घेतला आहे. नुसत्या मांसाच्या वजनामागे लागलेल्या गुरेवाल्यांनी अशा जाती मागे टाकल्या होत्या, वाघाच्या निमित्ताने त्यांची आठवण झाली.

पंतनालमध्ये पोर्तो जोफ्रे गावाच्या आसपास नदीकाठी जॅग्वार दिवसाढवळ्या दिसतो, म्हणून जगभरचे लोक होड्यांतून बघायला येतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हिशोब केला होता. जॅग्वार पाहायला येणाऱ्यांकडून त्या भागाला वर्षाला सुमारे ६८ लाख डॉलर मिळत आणि जॅग्वारने मारलेल्या गुरांचे नुकसान सुमारे १ लाख २१ हजार डॉलर होई. ऐकायला फार गोड. पण पैसा मिळतो तो होडीवाल्याला आणि हॉटेलवाल्याला, वासरू जाते ते दुसऱ्याचे. हा हिशोब एका वहीत आल्याशिवाय मला तो पुरा वाटत नाही. आणि २०२० साली दुष्काळात त्याच पंतनालला आग लागली, तेव्हा चौथ्या हिश्श्याहून अधिक मुलूख जळाला. त्यात गुरेवाल्यांची कुंपणे गेली आणि जॅग्वारचे पंजेही भाजले.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे, नाहीतर आपल्यापैकी कोणी म्हणेल की साहेबाला दुरून बोलायला काय जाते. जॅग्वार माणसावर क्वचितच जातो. २०२५ साली पंतनालमध्ये एका राखणदाराचा जीव गेला, त्याची बातमी जगभर झाली, इतके ते विरळा. आपल्याकडे उसाच्या फडात वाढलेला बिबट्या दाराशी येतो आणि माणसे गमावलेली घरे आपल्या ओळखीची आहेत. त्या घरापुढे म्हशीच्या शिंगांची गोष्ट सांगण्याची माझी छाती नाही. तिकडचे उपाय गुरांसाठी आहेत. त्यातले गोठ्याचे दार, घराजवळचे वेत आणि मढे पुरणे एवढे आपल्यालाही चालण्यासारखे आहेत. गरज वाटली तर मला लिहा, गोठा कसा बंदिस्त करावा याचे आराखडे पुढच्या एखाद्या अंकात देईन.

चहाच्या वेळी मी बाबांना म्हशींबद्दल सांगितले तेव्हा ते हसले. म्हणाले, “ह्यात काय नवं? रानात मुक्काम पडला की आमचा बा मेंढरांच्या भोवतीनं म्हसरं बसवायचा. कुत्रं भुकायच्या आधी म्हस फुसकारती.” मग थोडा वेळ थांबून विचारले, “त्या मुलखात म्हस न्हेली कुणी? म्हंजी आपल्याकडनं?” मी हो म्हणालो. “मग राखायचं कसं, ते बी तिच्यासंगं सांगून धाडायचं व्हतं की,” असे म्हणून त्यांनी कप उपडा केला आणि मेंढरे वळायला निघून गेले.

फलकावरचे चित्र बदलून घ्यावे असे मी सरपंचांना सांगून आलो आहे. मजकुराला हात लावायचे कारण नाही.